फावल्या वेळात सर्व्हे: कमाई कुणाची?

खडूस: काल इथे कुणीतरी ज्ञान पाजळलं, "रोज अर्धा तास पैसे देणारे ऑनलाइन सर्व्हे भरा, घरबसल्या जोडउत्पन्न." डोकंच फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. मी आठ महिने हा उद्योग केलाय. वय, शिक्षण, घरात माणसं किती, वॉशिंग मशीन कोणतं, ते घ्यायचं कुणी ठरवलं... किती झालं ते दाखवणारी पट्टी ८७ टक्क्यांवर येते आणि मग नम्र निरोप: "आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही." अरे, सगळं काढून घेतल्यावर सुचलं का हे? पॉइंट शून्य. एक आठवडा वहीत टिपून ठेवलं: सुरू केले २३, पूर्ण झाले ६. उरलेल्या १७ मध्ये गेलेला वेळ तुमच्या 'अर्ध्या तासात' धरलाय का? कसेबसे पैसे काढण्याइतके पॉइंट जमत आले, तर खातंच बंद!

निवांत: तो 'कुणीतरी' मीच. जोडउत्पन्न म्हटलं होतं, पगार नव्हे. खातं उगाच बंद होत नाही हो. "इथे 'अजिबात सहमत नाही' निवडा" असा प्रश्न मधेच पेरलेला असतो, तो न वाचता सटासट टिचक्या मारल्या असणार.

खडूस: वाचत होतो! फक्त दोन महिन्यांनी शहाणा झालो. गाडी नाही म्हटलं की हाकलतात, म्हणून गाडी घेतली. पुढच्या आठवड्यात बाळ झालं. मग ऑफिसची खरेदी माझ्या हातात आली. सगळं कागदावर.

गाळणी: वा, अभिमानाने सांगताय! ही खरी-खोटी उत्तरं वेगळी करायचं कामच करते मी. पंधरा मिनिटांची प्रश्नावली दोन मिनिटांत संपवणारे, चाळीस ओळींना एकच उत्तर देणारे रोज बघते. यादीत मुद्दाम बाजारातच नसलेला ब्रँड घालतो, तर तो "नियमित वापरतो" म्हणणारेही भेटतात. तुमचं ते बाळ आमच्या तक्त्यात येतं आणि आम्ही रात्री जागतो.

खडूस: फुकट राबवून घ्यायचं आणि वर सत्यवचनी हरिश्चंद्र हवेत!

जुनी_वही: फुकटात खरं मिळतं असंही नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत कोण जिंकेल, या सर्व्हेला 'लिटररी डायजेस्ट' या तिथल्या साप्ताहिकाकडे जवळपास २४ लाख उत्तरं आली होती. त्यांनी अंदाजात लँडनला जिंकवलं, प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. विचारलं कुणाला आणि उत्तर द्यायला बसलं कोण, घोळ तिथे होता. आजही दिवसाला दहा सर्व्हे भरणारा माणूस सर्वसामान्य कसा?

गाळणी: म्हणूनच वय-लिंग-शिक्षणाचे कोटे लावतो, प्रत्येक गटातून ठरावीकच माणसं.

जुनी_वही: कोट्यात बसायला यांनी बाळ जन्माला घातलं ना!

निवांत: विषय कमाईचा होता, लोकहो.

गाळणी: खडूस, एक मान्य. चाळणीचे प्रश्न सुरुवातीलाच हवेत. ८७ टक्क्यांवर बाहेर काढणं म्हणजे कोटा भरला किंवा मांडणी आळशी. प्रोलिफिकसारख्या सर्व्हेच्या साइटवर बहुतेक चाळणी प्रोफाइलवरून आधीच होते. खोटेपणा मात्र माफ नाही.

खडूस: धन्य झालो. बाळाला कळवतो.

नवीन_सदस्य: मी काल नोंदणी फी भरली. सर्व्हे कधीपासून येतात?

गाळणी: फी?? उत्तरं देणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, त्याच्याकडून घ्यायचे नसतात. गेले ते.

खडूस: निवांत, लिंक तुमची तर नव्हती?

निवांत: अजिबात नाही. माझ्या लिंकवर फी नाही. कुणी सामील झालं तर मला थोडे पॉइंट मिळतात, एवढंच.

खडूस: अच्छा! जोडउत्पन्न ते होय.