एक हजार रुपयांच्या आत कुळागरात वापरण्याजोगा घडीचा चाकू सुचवावा

माटोळी (धागाकर्ता):
नमस्कार. मी पणजीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार सावईवेरे येथील आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत असतो. मिरवेली बांधायची सुतळी कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे आणि दुपारी कैरी चिरणे एवढीच कामे आहेत. नारळासाठी कोयता आहेच. पाते उघडल्यावर पक्के अडकेल असा चाकू हवा आहे. आधीचा चाकू पावसाळाभर खुंटीला टांगलेल्या पिशवीत राहिला आणि बिजागरीपाशी इतका गंजला की आता उघडतच नाही.

मांडवीकाठ:
व्हिक्टोरिनॉक्सचा 91 मिलिमीटरचा चाकू डोळे मिटून घ्या. माझ्याकडे 12 वर्षे आहे आणि गंजाचा एक ठिपकाही नाही. पैसे थोडे जास्त जातील, पण पुन्हा घ्यावा लागणार नाही.

जुनी_होडी:
मांडवीकाठ, त्या चाकूचे पाते उघडल्यावर अडकत नाही, आणि धागाकर्त्यांनी नेमके तेच मागितले आहे. तशाच चाकूने मी गोणीला टोकाने भोक पाडत होतो. जोर टोकावर आला, पाते मिटले आणि तर्जनीला तीन टाके पडले. तेव्हापासून मी फ्रान्सचा ओपिनेल वापरतो. त्याच्या 8 क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर असते आणि मानेवरची कडी फिरवली की ते घट्ट बसते. किंमत आपल्या अंदाजापेक्षा बरीच जास्त आहे, हे खरे.

पावसाळी_वाचक:
ओपिनेलची मूठ बीच लाकडाची असते आणि आपल्या जुलैत ती फुगते. पाते आत रुतले तर नखाने ओढत बसू नका. कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक मेजावर ठोका, म्हणजे पाते थोडे वर येते. पोलाद मात्र गंजरोधकच घ्यावे.

साळगावकरीण:
कायद्याचेही पाहा. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे वगळली आहेत. म्हणजे आपला चाकू त्यात येत नाही. तरीही तो रोज कचेरीच्या पिशवीत कशाला ठेवायचा? दाबोळीला किंवा मोपाला विमानतळावर जाताना तो चुकून हातातल्या पिशवीत राहिला, तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

मांडवीकाठ:
माझ्या चाकूला कात्री आणि करवतही आहे. पुन्हा सांगतो, तोच घ्या.

बोंडू_हंगाम:
गंजरोधक पोलादही खाऱ्या हवेत डागाळते, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. खरा दोष बिजागरीत साचलेल्या ओलाव्याचा आणि मातीचा असतो. काम संपल्यावर चाकू उघडाच वाळवावा, बिजागरीत खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा आणि पाते चार वेळा उघडझाप करावे.

जुनी_होडी:
खोबरेल तेल कालांतराने चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. शिलाई यंत्राचे तेल वापरा.

बोंडू_हंगाम:
ज्याने कैरी चिरायची, त्याला यंत्राचे तेल मी लावणार नाही. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन पुसले की चिकटपणा राहत नाही.

माटोळी (धागाकर्ता):
सर्वांचे मनापासून आभार. जुनी होडी यांच्या बोटाची हकीकत आणि बोंडू हंगाम यांचा बिजागरीबद्दलचा खुलासा वाचून मी घडीचा चाकू घेण्याचा विचारच सोडला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून साध्या पोलादाचा, चार इंच पात्याचा, लाकडी मुठीचा सरळ चाकू साडेतीनशे रुपयांना आणला. तो गंजेल, हे मला ठाऊक आहे. पण त्यात पाणी साचायला बिजागरी नाही आणि बोटावर मिटायला घडीही नाही, शिवाय घरच्या धारेच्या दगडावर त्याला धार चटकन चढते. कैरी चिरल्यावर पाते काळसर निळे पडले. ते मी मुद्दाम घासून उजळवले नाही, कारण तो डाग गंजाचा नव्हे. चामड्याच्या म्यानात ओल धरते म्हणून तो तेल लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळून कुळागरातल्या पेटीतच ठेवतो. पणजीला नेत नाही.

मांडवीकाठ:
पुढच्या पावसाळ्यानंतर पात्याचे छायाचित्र अवश्य टाका.