मामांचा तोंडाचा कॅन्सर परत आलाय, कार-टी की इम्युनोथेरपी? जाणकारांनी सांगा

निपाणीचा_भाचा
नमस्कार मंडळी. मामा आमचे, वय 58, सगळी हयात तंबाखूच्या वखारीत गेली आणि गालात गोळी कायमचीच. मागं गालाचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता मानेत गाठ आली आणि बायोप्सीत परत तेच. तोंड दोन बोटंपण उघडत नाही, भाकरी दुधात कुस्करून देतोय. डॉक्टर म्हणतात आता ऑपरेशन होणार नाही, इम्युनोथेरपी चांगली पण फुल डोसचा खर्च लाखांत जातो. त्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की आयआयटी मुंबईनं कार-टी काढलंय, बाहेर कोटीत जातं ते इथं लाखात, आणि मामी लगेच शेत विकूया म्हणायली. खरंच चालतं का ओ ते तोंडाच्या कॅन्सरला? आणि इम्युनोथेरपी म्हणजे केमोच का दुसरं काय?

बायोटेकवाली_टिळकवाडी
शेत विकू नका, आधी हे वाचा. ग्रुपवरची बातमी खरी आहे पण तुमच्या कामाची नाही. ते नेक्सकार19, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून केलेलं, ऑक्टोबर 2023 ला मंजुरी मिळाली, एप्रिल 2024 ला राष्ट्रपतींच्या हस्ते लाँच झालं. त्यात पेशंटच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, जनुक घालून, सीडी19 नावाची खूण ओळखायला शिकवून परत सोडतात. ही खूण बी-पेशींवर, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असते, म्हणून काही लिम्फोमा आणि ल्युकेमियालाच, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरलाच, ते चालतं. गालाच्या कॅन्सरवर ती खूणच नाही, मग त्या पेशी तिथं जाऊन करणार काय? घट्ट गाठींसाठी जगभर प्रयत्न चाललेत, पण कॅन्सरवर आहे आणि चांगल्या पेशींवर नाही अशी खूण सापडणं अवघड, आणि सापडली तरी गाठीच्या आत टी-पेशी दमून जातात.

इम्युनोथेरपी केमो नव्हे. टी-पेशीवर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो, कॅन्सरची पेशी पीडी-एल1 नावाची खूण दाखवून तो दाबून धरते. निवोलुमॅब हे इंजेक्शन पीडी-1 ला चिकटून बसतं म्हणजे ब्रेक दाबताच येत नाही. पीडी-1 शोधला जपानच्या होंजोंनी, 2018 चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या अ‍ॅलिसनना मिळालं.

आता मुख्य मुद्दा, डॉक्टरांना हा विचाराच. टाटा मेमोरियलनं ऑपरेशन न होणाऱ्या तोंड-घशाच्या कॅन्सरच्या 151 पेशंटवर ट्रायल केली. अर्ध्यांना तोंडानं घ्यायच्या साध्या गोळ्या, अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि दर 3 आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीचा डोस 2 आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम असतो, म्हणजे बघा फरक. वर्षाअखेर नुसत्या गोळ्यांवाले 16.3 टक्के हयात, इंजेक्शनवाले 43.4 टक्के. कमी डोसलापण बहुतेक पीडी-1 झाकले जातात, डोस वाढवला म्हणून फायदा त्याच पटीत वाढत नाही, म्हणून हे जमलं. कंपन्यांना असली ट्रायल करण्यात काय इंटरेस्ट असणार, आपल्याच लोकांनी केली.

खानापूरचा_पाहुणा
ताई बरोबर बोलल्या पण एक सांगतो, रागावू नका. हे बरं करणारं औषध नव्हे. त्याच ट्रायलमध्ये मीडियन आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट जितके दिवस हयात राहिले तो काळ, 6.7 महिन्यांवरून 10.1 महिने झाला. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला कुणी असं स्पष्ट बोललंच नाही, आम्ही कर्ज काढून पळत राहिलो. मामांना विचारा की त्यांना काय हवंय, घरात सगळे ठरवतात आणि पेशंटला कुणी विचारत नाही.

मेडिकलवाले_अण्णा
त्या गोळ्या म्हणजे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. सेलेकॉक्सिब आम्ही सांधेदुखीला देतो तीच. सुरू झाल्या तर कान देऊन ऐका, मेथोट्रेक्सेट आठवड्यातनं एकदाच. घरात कुणीतरी रोज दिली म्हणून तोंड सोलून, रक्त कमी होऊन पेशंट गेलेले आहेत. वार ठरवा आणि ती स्ट्रिप वेगळ्या डब्यात ठेवा. एर्लोटिनिबनं तोंडावर पुरळ येतात, घाबरून गोळी परस्पर बंद करायची नाही. मामांचं तोंड उघडत नाही म्हणता, मग कुठली गोळी विरघळवून चालते ते डॉक्टरांनाच विचारा, मनानं कुटू नका.

निवोलुमॅबची छोटी बाटली 40 ची येते, 20 लागले तर अर्धी उरते. म्हणून एकाच दिवशी दोन पेशंट बोलावून बाटली वाटून घेता येते का विचारा, लाजायचं काय त्यात.

निपाणीचा_भाचा
लई उपकार सगळ्यांचे. मामीला फोन केला, शेताचं तूर्त थांबलं. योजनेत बसतं का हे? आमचं कार्ड कर्नाटकाचं, पण मिरज-कोल्हापूर जवळ पडतं.

बायोटेकवाली_टिळकवाडी
सीमाभागात आजारी पडायचं म्हणजे कार्डाचीच परीक्षा. 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले योजना इथल्या 865 गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली, त्यामुळं त्या भरवशावर निघू नका. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं, पण ते हॉस्पिटल आणि हा उपचार यादीत आहे का ते आरोग्यमित्राला आधी फोनवरच विचारा.

टाटाला नेण्याआधी 'नव्या' ही ऑनलाइन सेवा बघा, रिपोर्ट पाठवले की टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यातल्या तज्ज्ञांचं मत मिळतं, मामांना गाडीत हेलपाटा नको. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक हॉस्पिटलातनं मागून घ्या, पीडी-एल1 तपासायचं म्हटलं तर तेच लागतात. थायरॉइडची टेस्ट इंजेक्शनआधीच करा. आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर जुलाब किंवा दम लागला तर घरगुती काढे देत बसू नका, ब्रेक निघालेल्या टी-पेशी आतड्यावर, फुप्फुसावरपण धावून जातात, त्याच दिवशी फोन करायचा.