विम्याच्या पलीकडचा खर्च

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यामुळे विमा कंपनीला आता मानसिक आजारही शारीरिक आजारांप्रमाणेच स्वीकारावा लागतो, हा आपल्या लेखात मांडलेला मुद्दा बरोबर आहे. परंतु आमच्या घरच्या अनुभवावरून त्यात थोडी भर घालावीशी वाटते. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर, म्हणजे मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत त्याला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ एकदाच आली, त्यामुळे बहुतेक विमा पॉलिसींप्रमाणे केवळ दाखल रुग्णाचा खर्च देणाऱ्या आमच्या पॉलिसीचा उपयोगही तेवढाच झाला. बाकीचा सगळा खर्च बाह्यरुग्ण स्वरूपाचा, म्हणजे डॉक्टरांची फी, समुपदेशन, आणि लिथियम हे औषध चालू असल्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉइड यांच्या ठरावीक काळाने कराव्या लागणाऱ्या तपासण्या. गोळ्या त्या मानाने स्वस्त आहेत; आम्हांला जड जाते ते समुपदेशन, आणि पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागते.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊन पाहावे, असे मी अवश्य सुचवीन. तेथे तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात, मात्र रोजंदारीवरच्या माणसाचा त्या रांगेत एक दिवसाचा पगार बुडतो, हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. २०१७च्या त्याच कायद्याच्या १८व्या कलमानुसार जिल्ह्यात किमान सरकारी सेवा उपलब्ध नसल्यास तेथील अन्य ठिकाणच्या उपचारांचा खर्च शासनाने सोसायचा आहे. मी ज्या कार्यालयात याविषयी विचारले, तेथे ही तरतूद कोणाला ठाऊकच नव्हती.