चिल्लरवरची मशिनं: हातात नक्की किती उरतं?

नवखा_भिडू:
दोन जुनी मशिनं विकत मिळतायत. एक गोळ्यांचं, नाणं टाकून मूठ फिरवायची तसलं. दुसरं तीन चक्रांचं स्लॉट मशीन, म्हणजे नाणं टाकून जुगार खेळायचं, म्हणे परवान्यासकट. विकणारा सांगतो, स्लॉट 75 टक्के परत देतं, म्हणजे 100 नाण्यांमागे 25 तुमची. इतकं सरळ असतं का हो?

चिल्लरबहाद्दर:
बारा वर्षं किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरलोय. ते 25 टक्के टाकलेल्या नाण्यांवर असतात, खिशातून आणलेल्या नाण्यांवर नाही. माणूस 100 घेऊन बसतो, सरासरी 75 परत मिळतात, तीही टाकतो. मग 56, मग 42. खिसा रिकामा होईपर्यंत उठला नाही, तर उलाढाल 400 नाण्यांची आणि शंभरच्या शंभर डब्यात!

म्हणून कागदावर धंदा गोड दिसतो. पण माझ्या डब्यातलं निम्मं जागामालक न्यायचा. शिवाय बक्षिसासाठी मशीनच्या पोटात नाणी भरून ठेवायची. तुमचीच, पण हात लावायचा नाही. कुणाला मोठं बक्षीस लागलं की पोट रिकामं आणि तुम्ही पिशवी घेऊन पळताय.

आणि परवाना मशीनला चिकटून येतो हे कुणी सांगितलं? बऱ्याच ठिकाणी तो माणसाच्या आणि जागेच्या नावावर असतो. कित्येक ठिकाणी तर असं मशीन ठेवणंच गुन्हा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कायद्याला बगल द्यायला ही मशिनं पैशांऐवजी च्युइंग गम द्यायची. चक्रांवरची फळं त्याच चवींची.

नवखा_भिडू:
मग गोळ्यांचंच घेतो.

चिल्लरबहाद्दर:
घ्या, पण एकच घेऊन बसू नका. एका मशीनचा नफा जाण्यायेण्यातच जिरतो. एकाच वाटेवर दहा-बारा असली तर फेरी परवडते.

जागा मात्र बघून घ्या. माझं सगळ्यात कमावतं मशीन दिसायला भंगार होतं, मूठ गंजलेली. पण लोक तिथे ताटकळत बसायचे, बरोबर पोरं. तेच उचलून दाराशी ठेवलं, ‘जास्त लोक दिसतील’ म्हणून. पुढच्या फेरीला डब्याचा तळ दिसला. दारातून लोक जातात, थांबत नाहीत.

उगाच_विचारतो:
नाण्याऐवजी वॉशर टाकणाऱ्यांचं काय करता?

चिल्लरबहाद्दर:
वजन-व्यास जुळला नाही तर वॉशर खाली परत येतो. जुळला तर गेली गोळी. एकदा डब्यात भोक पाडलेलं नाणं निघालं, त्याला वीतभर तुटका दोरा. त्या दिवशी तोटा त्याचा झाला.