मदत हवी आहे: वर्डचा मॅक्रो आकड्यांऐवजी प्रश्नचिन्हं टाकतोय

शेवटचं_पान:
उद्या सकाळी ३१२ पानांची फाइल द्यायची आहे. इंग्रजी आकडे देवनागरी करणारा माझा मॅक्रो (वर्डकडून ठरलेली कामं आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्राम) वर्षभर बिनतक्रार चालत होता. आज नव्या लॅपटॉपवर चालवला तर आकडे गायब, सगळीकडे प्रश्नचिन्हं. अनडू केलं, पुन्हा चालवला, पुन्हा तेच. कृपया लवकर सांगा.

कोरा_कागद:
वर्ड कुठलं? विंडोज की मॅक? एरर काय येते?

शेवटचं_पान:
एरर आली असती तर लिहिली नसती का? वर्ड आपलं नेहमीचं. विंडोज.

जुना_कीबोर्ड:
इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तळाशी अनब्लॉकवर टिक. माझं शंभर टक्के यानेच सुटलं होतं.

कोरा_कागद:
अहो, मॅक्रो अडला असता तर ही प्रश्नचिन्हं टाकली कोणी?

साधा_माणूस:
आकडे दहाच आहेत. कंट्रोल-एच दाबून शोधा-बदलाची खिडकी उघडा, दहा वेळा रिप्लेस ऑल. मॅक्रो कशाला?

मुक्तछंद:
वर्डऐवजी लिब्रे ऑफिस घ्या. फुकट आहे, असल्या कटकटी नाहीत.

जुना_कीबोर्ड:
वर्डचे मॅक्रो तिथे जसेच्या तसे चालतील याची हमी कोण देणार? तुम्ही?

मुक्तछंद:
तिथे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतही मॅक्रो लिहिता येतात.

जुना_कीबोर्ड:
मग शिकवा त्यांना पायथन, सकाळपर्यंत वेळ आहे.

निवांत:
अवांतर: १९९९ साली मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. फाइल उघडली की आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच मेल धाडायचा. तेव्हापासून मी मॅक्रो बंदच ठेवतो.

शेवटचं_पान:
माहितीबद्दल आभार, पण मी व्हायरसबद्दल विचारलं नव्हतं. कोणी मुद्द्याचं सांगेल का?

जुना_कीबोर्ड:
नॉर्मल डॉट डॉटएम ही वर्डच्या मूळ साच्याची फाइल उडवा. वर्ड नवी बनवतं, सगळं ताळ्यावर येतं.

कोरा_कागद:
थांबा, काहीही उडवू नका! त्या फाइलीत तुमचे बाकीचे मॅक्रो असले तर तेही जातील. आधी सांगा, मॅक्रो नव्या लॅपटॉपवर आणला कसा?

शेवटचं_पान:
आणला नाहीच. जुन्या लॅपटॉपवर सेव्ह करताना वर्डने मॅक्रोबद्दल काहीतरी विचारलं, मी न वाचता येस म्हटलं. इथे उघडली तर मॅक्रो नाही. मग आठवेल तसा हाताने लिहून काढला. याचा काही संबंध आहे का?

कोरा_कागद:
याचाच आहे! पहिल्यांदा लिहिलं असतंत तर दहा प्रतिसाद वाचले असते. डॉकएक्स फाइलीत मॅक्रो राहत नाही, डॉकएम म्हणून सेव्ह करावी लागते. वर्डने तेच विचारलं होतं.

आता प्रश्नचिन्हं. ऑल्ट-एफ११ दाबल्यावर उघडणारा मॅक्रो लिहायचा एडिटर अजून युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) घेत नाही. विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या यादीत, जे अक्षर नाही त्याचं तिथे प्रश्नचिन्ह होतं, आणि देवनागरीला असं कोडपेजच नाही. जुना मॅक्रो रेकॉर्ड केलेला होता ना, म्हणजे तुम्ही करून दाखवलं आणि वर्डने लिहून घेतलं?

शेवटचं_पान:
हो! तुम्हाला कसं कळलं?

कोरा_कागद:
रेकॉर्डर अशा अक्षराऐवजी त्याचा क्रमांक लिहितो, म्हणून तो चालत होता. तुम्हीही क्रमांकावरून अक्षर देणारं सीएचआरडब्ल्यू हे फंक्शन वापरा. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, नवाचा २४१५. आय नावाचा चल ० ते ९ फिरवा आणि प्रत्येक फेरीत बदली अक्षर म्हणून सीएचआरडब्ल्यू, कंसात २४०६ अधिक आय. मूळ फाइलीच्या प्रतीवरच चालवा. प्रश्नचिन्हांवरून आकडे परत मिळत नसतात.

जुना_कीबोर्ड:
आणि ऑल्ट-एफ९ने फील्ड कोड (वर्ड आपोआप भरतो त्या मजकुरामागच्या सूचना) उघडे ठेवू नका, अनुक्रमणिकेच्या कोडमधले आकडेही बदलतील. वेबपत्तेही तपासा. माझ्या एका फाइलीत सगळ्या लिंका मराठीत गेल्या होत्या.

शेवटचं_पान:
झालं!! पण तळटीपांमधले आकडे इंग्रजीच आहेत.

कोरा_कागद:
तळटीपा आहेत हे आत्ता सांगताय? मॅक्रोतला फाइंड मुख्य मजकुरातच फिरतो. तळटीपा, हेडर, टेक्स्टबॉक्स हे वर्डच्या लेखी वेगळे भाग. स्टोरीरेंजेसवर, म्हणजे या सगळ्या भागांच्या यादीवर, आणखी एक लूप लावावा लागेल. लिहून देतो, पण अर्धा तास द्या.

मुक्तछंद:
लिब्रे ऑफिसमध्ये

निवांत:
वाक्य तरी पुरं करा :)

शेवटचं_पान:
राहू दे, साधा_माणूस म्हणाले ते केलं. कंट्रोल-एचच्या खिडकीत देवनागरी सरळ टाइप होते, आणि तळटीपाही त्यात बदलल्या. दहा वेळा, चार मिनिटं. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे मात्र अपडेट केलं की परत इंग्रजी होतात.

कोरा_कागद:
ती फील्ड आहे, दर वेळी नव्याने भरली जाते. आधी अपडेट करा, आकडे सगळ्यात शेवटी बदला आणि पुन्हा अपडेट करू नका. किंवा पीडीएफ द्या.

शेवटचं_पान:
पीडीएफ चालत नाही, वर्डच मागितलंय. ते आधी सांगायचं राहिलं.