मदत हवी आहे : बाटलीतून काढलेली रोपं दोन दिवसांत माना टाकतायत

रानवारा : कोणी टिश्यू कल्चरवालं (बाटलीत रोपं वाढवणारं) असेल तर लवकर सांगा. ६० रोपं हार्डनिंगला (बाहेरच्या हवेची सवय लावायला) काढली, ४१ गेली, बाकीची पण परवापर्यंत टिकतील असं वाटत नाही. बाटलीत एकदम टवटवीत असतात, ट्रेमध्ये लावली की दुसऱ्या दिवशी दुपारी मान खाली. बाविस्टिन बुरशीनाशक दिलंय. रॅकवर अजून ३० बाटल्या आहेत, काय करू?

पानफुटी : रोपं कसली ते तर लिहा! मुळं होती का? झाकलं कशाने?

अण्णा_सासवड : मुळांना आगर (बाटलीतली जेली) राहिलं असणार. त्यात साखर असते, बुरशी तिथेच धरते. कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवायचं आणि पहिला आठवडा प्लास्टिकचा बोगदा काढायचाच नाही, बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नसतो, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत, पाणी उडून जातं.

रानवारा : आगर धुतलं, बोगदा होता, मुळं बोटाच्या पेराएवढी. कार्नेशनचं फूलझाड आहे, लिहायचं राहिलं.

हिरवाचुडा : कार्नेशनला एवढा खटाटोप कशाला? शेंड्याचं कटिंग घ्या, ३-४ आठवड्यांत मुळ्या. मी तेच करतो.

पानफुटी : कटिंगबरोबर मदर प्लांटचा (ज्यावरून कटिंग घेतलं त्या झाडाचा) व्हायरसही येतो. टिश्यू कल्चरला मेरिस्टेमचं (शेंड्यातल्या वाढत्या पेशींचं) मिलिमीटरहून लहान टोक घेतात ते तो टाळायलाच.

हिरवाचुडा : मदर प्लांट चांगला निवडा ना मग.

पानफुटी : व्हायरस नुसत्या डोळ्याने दरवेळी दिसत नाही हो.



पानफुटी : रानवारा, रॅकवरच्या बाटलीतलं पान उजेडासमोर धरा.

रानवारा : धरलं. पलीकडची ट्यूब दिसतेय, जाड आणि काचेसारखं आहे, वाकवलं तर कटकन मोडलं. मी तर त्यालाच तजेला समजत होतो.

पानफुटी : रोप बाटलीतच पाणी पिऊन फुगलंय, बाहेर कितीही जपलं तरी जाणार. मीडियात (बाटलीतल्या खाद्यात) बीएपी, म्हणजे फूट आणणारं हार्मोन, आणि आगर किती?

रानवारा : लिटरला बीएपी २ मिलिग्रॅम, आगर ६ ग्रॅम. झाकणाला टेप गच्च.

पानफुटी : तिन्ही चुकलं. बीएपी अर्ध्या मिलिग्रॅमवर आणा, आगर ८ करा, झाकणाऐवजी कापसाचा बोळा. असं एक-दोनदा सबकल्चर (ताज्या मीडियावर बदली) करा आणि नवीन फूट साधी हिरवी आली तरच मुळांच्या मीडियावर न्या. त्या ३० बाटल्या आत्ता बाहेर काढू नका.

रानवारा : टेप तरी आज काढू का?

पानफुटी : रॅकवर नको, बुरशी शिरेल! लॅमिनारमध्येच (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) उघडा.