दोन इंची नळीचे .३२ रिव्हॉल्व्हर आणि हाताने भरलेली काडतुसे: घटलेला वेग भरून काढता येतो का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस वापरणारे, दोन इंची नळीचे रिव्हॉल्व्हर परवान्यावर आहे आणि ते मी केवळ रेंजवर, कागदी लक्ष्यावर चालवतो. काडतुसे हाताने भरण्याची रीतसर परवानगी असून प्रेस, डाय आणि तराजू ही सामग्रीही जमवली आहे. ९८ ग्रेन (गोळी-दारूच्या वजनाचे एकक) वजनाच्या शिशाच्या गोळीचा कारखान्याने सांगितलेला वेग सेकंदाला सुमारे ७०० फूट आहे, मात्र माझ्या नळीतून वेगमापकावर तो बराच कमी भरतो. मंद जळणारी दारू वापरून किंवा दारूचे प्रमाण थोडे वाढवून ही घट भरून काढता येईल का? आखूड नळीला जलद जळणारी दारूच योग्य, असेही काही जण सांगतात. यातले ग्राह्य काय?

प्रतिसाद १

खोक्यावरचा वेग बहुधा चार इंची नळीतून मोजलेला असतो, त्यामुळे दोन इंची नळीत तो घटणे हा ना काडतुसाचा दोष, ना शस्त्राचा. दारूच्या वायूला गोळी ढकलण्यासाठी मिळणारे अंतरच कमी असते. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये साधारण चार ते आठ सहस्रांश इंचांची फट असते आणि तिच्यातूनही काही वायू निसटतो. ही फट हत्यारागणिक वेगळी असल्याने, एकाच लांबीच्या नळीची दोन रिव्हॉल्व्हरे एकाच खोक्यातील काडतुसांना वेगवेगळा वेग देताना दिसतात. तेव्हा दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून फार काही हाती लागत नाही.

मंद दारूविषयी सांगायचे तर, ती नीट जळण्यासाठी पुरेसा दाब लागतो आणि हे काडतूस मुळात कमी दाबाचे आहे. १८९६ साली ते आले तेव्हा त्यात काळी दारू भरली जात असे. आजही अमेरिकी मानकानुसार त्याची कमाल मर्यादा प्रति चौरस इंच १५,००० पौंड इतकीच आहे, कारण त्या काळची नाजूक रिव्हॉल्व्हरे अजून लोकांच्या कपाटात आहेत. एवढ्या दाबात मंद दारूचे कण अर्धवट जळून उरतात. वेग फारसा वाढत नाही, तोंडाशी लोळ मात्र मोठा दिसतो. ते उरलेले कण पुंगळ्या (काडतुसांची धातूची नळकांडी) बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली जाऊन बसले, तर सिलिंडर धड बंद होत नाही किंवा अडखळत फिरतो. म्हणून पुंगळ्या काढताना नळीचे तोंड वर ठेवावे. जलद दारू थोड्या प्रमाणात जवळपास तेवढाच वेग देते आणि वायूचे वजनही कमी असल्याने झटका किंचित सौम्य होतो. माझे मत निःसंदिग्धपणे जलद दारूच्या बाजूचे आहे.

प्रमाण मात्र प्रकाशित कोष्टकाच्या पुढे नेऊ नये. दारूच्या उत्पादकाने त्याच गोळीसाठी दिलेले प्रारंभीचे प्रमाण घ्यावे आणि कमाल आकड्यापाशी थांबावे. इथे कोणी ग्रेनचे आकडे सुचवले तरी ते स्वीकारू नयेत. प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी) चपटा झालेला दिसेपर्यंत वाढवत जाण्याचा जो सल्ला दिला जातो, तो या काडतुसात विशेष घातक आहे, कारण प्रायमरवर तशी खूण उमटण्यापूर्वीच दाबाने १५,००० ची मर्यादा कितीतरी मागे टाकलेली असू शकते.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे, पण जलद दारूची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुंगळीची पोकळी काळ्या दारूच्या मापाची असल्याने आधुनिक जलद दारू तिचा थोडासाच भाग व्यापते आणि चुकून दोनदा पडलेली दारू बाहेर न सांडता मुकाट्याने आत मावते. प्रत्येक पुंगळीत दारू टाकून झाल्यावर, गोळी बसवण्यापूर्वी, सगळ्या पुंगळ्या एका ठोकळ्यात उभ्या करून उजेडाखाली पातळी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नुसत्या वजनावर भिस्त ठेवता येत नाही, कारण पुंगळ्या आणि गोळ्या यांच्या वजनातील फरकच कधीकधी दारूच्या प्रमाणाएवढा असतो.

मोकळ्या पोकळीचा आणखी एक परिणाम वेगमापकावर दिसतो. नळी वर करून मग नेम धरला तर दारू प्रायमरकडे जमते, नळी खाली करून धरला तर गोळीकडे. त्यानुसार वेग बदलतो. तुमच्या नोंदींत चढउतार मोठा असेल तर आधी हे तपासावे.

याउलट दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकण्याचा संभव असतो. जाकीट (कठीण धातूचे बाह्य आवरण) असलेल्या गोळीला नळीत घर्षण अधिक असल्याने हा धोका वाढतो. तेव्हा एवढ्या कमी दाबासाठी साधी, मऊसर शिशाची गोळीच बरी. फार कठीण शिसे या दाबाला फुगून नळीच्या खाचांत घट्ट बसत नाही. बाजूने वायू निसटतो आणि नळीत शिशाचा थर साचतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढचा चाप ओढण्याआधी रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामे करून नळीतून आरपार पाहावे.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. दोन शंका उरल्या. .३२ एच अँड आर मॅग्नम या काडतुसाची कोष्टके अधिक वेग दाखवतात. त्यांतील मधले प्रमाण माझ्या काडतुसात चालेल का? आणि रिव्हॉल्व्हर हलके असल्याने क्रिंप (गोळी धरून ठेवणारी पुंगळीच्या कडेची मुरड) किती घट्ट ठेवावी?

प्रतिसाद ३

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. १९८४ साली आलेल्या त्या काडतुसाची पुंगळी लांब, पोकळी मोठी आणि दाबाची मर्यादा बरीच वरची आहे. तीच दारू आखूड पुंगळीत दाबली की दाब झपाट्याने चढतो. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ लाँग चालते, उलट कधीच नाही.

क्रिंपचे म्हणाल तर, हलक्या शस्त्रात झटक्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकतात आणि एखादी सिलिंडरबाहेर डोकावली की फिरणेच थांबते. .३२ लाँगचा झटका सौम्य असल्याने असे क्वचितच होते, तरी पुंगळीची कड गोळीच्या खाचेत वळवून बसवावी. सिलिंडरमधले शेवटचे काडतूस न झाडता बाहेर काढून त्याची लांबी कॅलिपरने आधीच्या नोंदीशी ताडली की क्रिंप पुरेशी आहे की नाही ते कळते.

वेगाचा विषय मी तरी इथेच सोडून दिला असता. या आकाराच्या रिव्हॉल्व्हरची माशी (नेम धरण्याची नळीवरची खूण) पक्की बसवलेली असते, ती सरकवता येत नाही. जड गोळी नळीत अधिक काळ राहते, तेवढ्यात नळीचे तोंड उचलले जाते आणि छिद्र वर पडते. हलकी व वेगवान गोळी खाली लागते. वेगमापक बाजूला ठेवून दोन वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्या कोष्टकाच्या मध्यावर भरा आणि कोणती माशीच्या टोकावर लागते ते कागदावर पाहा.